गल्ला मुलाच्या हाती, हुन्नर आपल्या हाती

सरकारी नोकराला निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी आणि केंद्र शासनाचे ६० व्या वर्षी सेवेतून मुक्त होतात. व्यापाऱ्याला आणि कारागिराला अशी तारीख नसते. त्याला पेन्शन नाही, निरोप समारंभ नाही आणि 'उद्यापासून येऊ नका' असे सांगणारा साहेबही नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची निवृत्ती होतच नाही. होते ती ओढाताण.

राहात्यासारख्या बाजारपेठेत ही ओढाताण कोणत्याही पेठेत फिरले तरी दिसते. मुलगा गिऱ्हाईकाशी भाव ठरवीत असतो आणि गल्ल्यावरून अब्बा मधेच म्हणतात, "दे रे, वीस रुपये कमी घे, जुने गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक खूश होते, पण मुलाचा शब्द बाजारातून जातो. पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक मुलाशी बोलतच नाही. घाऊक व्यापाऱ्याच्या माणसालाही ऑर्डर बापाकडून घ्यावी की लेकाकडून, हे कळत नाही.

काही घरांत याच्या उलट घडते. मुले म्हणतात, "अब्बा, आता तुम्ही फक्त आराम करा." चाळीस वर्षे सकाळी नऊला शटर उघडणारा माणूस अचानक ओट्यावर बसतो. वर्तमानपत्र दहापर्यंत संपते, चहा अकरापर्यंत. नंतर टीव्ही, मोबाईल आणि घरातल्या माणसांच्या चुका काढणे. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण कोणीतरी अनुभवातूनच सांगितली असणार.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. गल्ला खऱ्या अर्थाने मुलाच्या हाती सोपवावा आणि आपल्या हातांना एखादा हुन्नर द्यावा. क्रोशाचे विणकाम, लोहारकाम, सुतारकाम, पुस्तकबांधणी, खत्ताती, जे जमेल ते. हा केवळ वेळ घालविण्याचा प्रकार नाही. त्यामागे विचार आहे, पद्धत आहे आणि व्यापारी माणसाने पाळावे असे काही हिशेबही आहेत. त्यांची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

हाताच्या कामाला दीनमध्ये मान

आपल्याकडे एक समज आहे की हाताने काम करणे म्हणजे गरिबी, आणि पैसा आला की हात पांढरे राहिले पाहिजेत. हा समज आपल्या दीनमधून आलेला नाही. हजरत दाऊद (अलै.) पैगंबर होते आणि राज्यकर्तेही होते. त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि त्यांना चिलखते बनविण्याची कला शिकविली गेली, हे कुरआनच्या सूरह सबा आणि सूरह अंबियामध्ये आले आहे. चिलखताच्या कड्या मापात जुळविण्याचा उल्लेखही तेथे आहे. ते स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आहे. खजिना हाताशी असलेला माणूस हाताने काम करतो, याचा अर्थ काम केवळ पोटासाठी नसते.

हजरत जकरिया (अलै.) सुतार होते. प्रेषित मुहम्मद (स.) घरात स्वतःचे कपडे शिवत आणि पादत्राणे दुरुस्त करीत, हे हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेले आहे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) हाताने काम करून जे मिळे ते सदका करीत. म्हणून क्रोशाची सुई हाती घेताना 'हे तर बायकांचे काम' असे म्हणून जो लाजतो, त्याने आधी स्वतःला विचारावे की कपडा शिवणे आणि जोडा सांधणे कोणाची सुन्नत आहे.

एक खबरदारी मात्र हवी. कामात मन रमले की वेळेचे भान राहत नाही. अजान झाली की सुई खाली आणि हातोडा बाजूला. हाताचे काम नमाजच्या वेळांमध्ये बसले पाहिजे, नमाज कामाच्या फटीत नव्हे.

हात नवे काम शिकतो, वय झाले तरी

'आता या वयात काय शिकणार?' हा दुसरा अडथळा. याला उत्तर म्हणून आपल्याच राज्यातील दोन उदाहरणे पुरेत.

पहिले उदाहरण मिरजेचे. सांगली जिल्ह्यातील मिरज सतार आणि तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. ही वाद्ये बनविणारी बरीच घराणी मूळची शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि चकाकी देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा कमी झाल्या, हत्यारांची मागणी गेली आणि या हातांचे काम संपले. तेव्हा मिरजेतील फरीदसाहेब यांनी वाद्यांच्या दुरुस्तीतून सुरुवात करून तंबोरे-सतारी बनविण्याचा हुन्नर उभा केला. पोलादाला पाणी देणारे हात भोपळा आणि लाकूड घडवू लागले. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या कामाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य बनवून झाल्यावर घोडीवर कानस फिरवून सूर मोकळा करावा लागतो. त्याला जवारी काढणे म्हणतात. हे काम नवशिक्याच्या हाती देत नाहीत. ते मुरलेल्या हाताचे आणि तयार कानाचे काम आहे. म्हणजे हुन्नरात वय हे ओझे नसून भांडवल ठरते.

दुसरे उदाहरण चरख्याचे. गांधीजींचा जन्म १८६९ चा. साबरमती आश्रमात चरखा आला तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यापूर्वी त्यांना सूत काढता येत नव्हते. ते त्या वयात शिकले. पुढे साठी ओलांडल्यावर, पुण्याच्या येरवडा तुरुंगात असताना, त्यांनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केले. तो 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो. वकील माणूस पन्नाशीला सूत काढायला शिकतो, तर आयुष्यभर सूत आणि कापड हाताळलेल्या आपल्यासारख्याने का शिकू नये?

आरोग्याच्या बाजूनेही हे काम उपयोगाचे दिसते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे व त्यावरील २५६ जणांचा अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. उतारवयात विणकाम, सुतारकाम, मातीकाम यांसारखी हस्तकामे करणाऱ्यांमध्ये स्मरण व विचारशक्ती मंदावण्याचे प्रमाण कमी आढळले. यावरून सुई हे औषध आहे असे म्हणता येत नाही. हात आणि डोके एकत्र चालू ठेवणारी माणसे जास्त काळ ताजी राहतात, इतके समजावे.

कोणी कोणते काम निवडावे

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात: डोळे, कंबर, जागा आणि शेजार. नजर ठीक आहे पण कंबर दुखते, त्याने बसून करायचे काम घ्यावे. जवळचे बारीक दिसत नाही, पण अंगात ताकद आहे, त्याने लाकूड किंवा लोखंड पाहावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ऐरण आणू नये. शेतात किंवा गावाबाहेर पत्र्याची शेड असेल त्यालाच भट्टी शोभते. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अनेकांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते. ठिणगी पायावर पडली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी विस्तवाचे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

क्रोशा : एक सुई, एक दोरा

घरात ज्याला आपण क्रोशिया म्हणतो तोच मराठीतला क्रोशा. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि दोरा, एवढेच भांडवल. बाजारातील बहुतेक स्वस्त जाळीच्या टोप्या यंत्रावर विणलेल्या असतात. साखळी आणि खांबांचे खरे क्रोशाकाम मात्र हातानेच होते. शिकविणारी व्यक्ती बहुधा घरातच असते. बायको, बहीण, भाभी किंवा सून यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

दोऱ्याबद्दल कापडवाल्याच्या नात्याने थोडे सांगतो. सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात, तो त्याचा नंबर. म्हणजे २० नंबरचे एकपदरी सूत एका पौंडात १६,८०० यार्ड आणि ४० नंबरचे ३३,६०० यार्ड. नवशिक्याने बारीक दोऱ्याच्या मागे लागू नये. जाड, फिक्या रंगाचा दोरा आणि साडेतीन ते चार मिलिमीटरची सुई घ्यावी. काळ्या दोऱ्यात घरे दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. हात बसल्यावर मर्सराइज्ड सुती दोरा घ्यावा. त्याला चमक असते आणि तो मजबूत असतो. एका कामाला लागणारा सगळा दोरा एकाच लॉटचा घ्यावा, कारण त्याच रंगाच्या दुसऱ्या लॉटमध्ये छटा बदलते. दोऱ्याचा रंग पक्का आहे का हे पाहायचे असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने दोरा चोळावा. चिंधीला रंग लागला तर तो दोरा परत करावा.

आता टोपीचा हिशेब पाहा. साधारण मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर २२ इंच धरू. शाळेत शिकलेले आठवा: घेर भागिले बावीस सप्तमांश म्हणजे व्यास. २२ इंच घेराला व्यास बरोबर ७ इंच येतो. टोपीची वरची चकती ७ इंचांपेक्षा पाव इंच लहान ठेवायची, कारण विणकाम ताणले जाते.

चकती अशी करतात. चार-पाच साखळ्यांचा लहान गोल जोडून त्यात १२ खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवून ३६, चौथीत ४८. प्रत्येक फेरीला १२ खांब वाढले की चकती सपाट राहते. कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त होते आहे. वाटीसारखा खोलगट आकार आला तर वाढ कमी पडते आहे. ठरलेला व्यास आला की वाढ बंद करायची आणि आहेत तितकेच खांब फेरीमागून फेरी घालीत जायचे. विणकाम आपोआप खाली वळते आणि टोपीची भिंत तयार होते. अडीच ते तीन इंच भिंत झाली की शेवटी मुक्या खांबांची एक घट्ट फेरी घालून दोरा बंद करावा. म्हणजे कड सैल पडत नाही.

पहिली टोपी वाकडी होईल. दुसरी लहान होईल. ती नातवाला बसेल. तिसरी डोक्यावर बसेल. चूक दिसली की दोरा ओढून उसवायचा आणि पुन्हा घालायचा. क्रोशात माल वाया जात नाही, ही त्याची मोठी सोय आहे. अर्ध्या तासाने सुई ठेवून बोटे व मान मोकळी करावी. बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे.

लोखंड : विस्तव, ऐरण आणि सबुरी

आपला तालुका उसाचा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, तेव्हापासून या भागात ऊसतोडीचा कोयता ही नित्याची वस्तू आहे. कोयता, विळा, खुरपे आणि कुऱ्हाड यांना आजही लोहार लागतो. हे काम समजून घेण्याची आवड असेल तर आधी एखाद्या लोहाराकडे किंवा रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाड्याकडे चार दिवस बसावे. त्याला गुरू मानून बसावे आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. घिसाडी कुटुंबातील बाई ज्या तोलाने घण घालते तो पाहिला की कळते, हे काम नुसत्या ताकदीचे नाही.

लागणारे सामान असे: छोटी भट्टी, हवेसाठी भाता किंवा विजेचा पंखा, कोळसा, ऐरण, एक-दीड किलोचा हातोडा, सांडशी आणि कानस. ऐरण महाग असते, म्हणून पुष्कळ लोक रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरतात. असा तुकडा भंगारवाल्याकडून पावतीशिवाय घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे आणि छंदापायी पोलीस स्टेशनची पायरी चढण्याची गरज नाही.

सगळे लोखंड सारखे नसते. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बन कमी असतो. ती सहज वाकते, पण पाणी दिले तरी कडक होत नाही. तिच्यापासून आकडे, खुंट्या, चिमटे करावेत. ट्रकच्या जुन्या कमान पाट्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के असतो. त्याला धार धरते, म्हणून कोयत्या-सुऱ्यांसाठी तो पाटा वापरतात.

तापलेल्या लोखंडाचा रंग हाच लोहाराचा थर्मामीटर. गडद लाल रंगावर घाव घालू नये, चिरा पडतात. नारिंगी ते पिवळ्या रंगात लोखंड मेणासारखे चालते. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर ते जळते आहे. रंग नीट दिसावा म्हणून भट्टी सावलीत ठेवतात. धारेच्या वस्तूला पाणी देताना आणखी एक खूण उपयोगी पडते. सुमारे ७७० अंशांवर पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक सुटला की किंचित अधिक तापवून वस्तू विझवावी. कमान पाट्याचे पोलाद पाण्यात तडकू शकते, म्हणून ते तेलात विझवितात. विझविलेली वस्तू काचेसारखी ठिसूळ असते. तिला पुन्हा हलका शेक देऊन गवती पिवळा ते तपकिरी रंग आला की थांबवावे. मग धारही टिकते आणि वस्तू तुटतही नाही.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. भट्टी बंद खोलीत लावू नये. कोळशाच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. जस्ताचा मुलामा असलेले पाइप, पत्रे भट्टीत घालू नयेत. त्या धुराने ताप भरतो. कपड्यांबद्दल तर कापड विकणाऱ्याचे ऐकाच: भट्टीजवळ टेरिलीन-पॉलिस्टर घालू नये. पॉलिस्टर सुमारे २६० अंशांना वितळते आणि कातडीला चिकटते. जाड सुती कपडा जळतो, पण चिकटत नाही. पायात बंद चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा, जवळ पाण्याची बादली आणि वाळू असलीच पाहिजे. दुपारी शेजारी झोपलेले असताना घण वाजवू नये. शेजाऱ्याचा हक्क छंदापेक्षा मोठा आहे.

कलम आणि पुस्तकबांधणी

ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले त्यांच्यासाठी आणखी एक काम हाताशी आहे. उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९८१ साली नूरी नस्तालीक आले आणि १९९४ साली इनपेज. त्यानंतर कातिबांचा धंदा पाहता पाहता संपला. तख्तीवर बरूच्या कलमाने लिहिलेली अक्षरे ज्यांना आठवतात, त्यांनी पुन्हा कलम धरावे. कलमाच्या टोकाने टेकविलेला ठिपका हे खत्तातीचे माप असते, आणि अलिफ किती ठिपके उंच, बे किती रुंद, यावर अक्षराची शोभा ठरते. वीस रुपयांच्या वहीवरही हा सराव होतो.

दुसरे काम मोडक्या पुस्तकांच्या बांधणीचे. प्रत्येक मशिदीत आणि मदरशात पाने सुटलेल्या कुरआनच्या प्रती व पारे कपाटात पडून असतात. सुई, जाड दोरा, मैद्याची खळ, पुठ्ठा आणि कापडाची पट्टी एवढ्यावर ती पुन्हा उभी राहतात. खळीत थोडा मोरचूद घातला तर कसर लागत नाही, पण मोरचूद विषारी आहे. तो मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

व्यापाऱ्याने पाळायचा हिशेब

आता या पानाच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. व्यापारी माणसाच्या हातून दहा टोप्या झाल्या की अकरावी विकण्याचा विचार त्याच्या मनात येतोच. येथे थांबून विचार करावा.

आपल्याला भाडे द्यायचे नाही, मुले घर चालवितात, वेळ फुकट आहे. म्हणून आपण टोपी शंभर रुपयांना देऊ शकतो. पण त्याच गल्लीत एखादी विधवा बहीण टोप्या विणून घर चालवीत असते. तिला शंभर रुपयांत परवडत नाही. गिऱ्हाईक मात्र म्हणते, "त्या हाजीसाहेबांकडे शंभरला मिळते." आपला छंद तिच्या रोजीवर येतो आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

असे मोठ्या प्रमाणावर घडलेले उदाहरण आहे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी भागातील नरसापूरला क्रोशाच्या लेसचे मोठे काम चालते. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ते तेथे आणले. मारिया मीस यांनी तेथील स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो १९८२ साली पुस्तकरूपाने आला. या स्त्रिया दिवसाचे अनेक तास विणत असत, पण 'घरबसल्या फावल्या वेळचे काम' असा शिक्का बसल्यामुळे त्यांना मजुरी अगदी तुटपुंजी मिळे. माल मात्र परदेशात जात होता. या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हुन्नराला मान मिळतो तेव्हा मजुरीही मिळावी, हे व्यापाऱ्यांनीच पाहायचे आहे.

म्हणून दोनच नियम ठेवावेत. एक तर वस्तू भेट द्यावी: नातवांना, मशिदीत येणाऱ्या मुलांना, लग्नात, ईदला. किंवा विकायची असेल तर पूर्ण भावाने विकावी. पूर्ण भाव कसा काढायचा? समजा टोपीला १० तास लागले आणि तासाची मजुरी ४० रुपये धरली, तर मजुरी ४०० रुपये. दोरा ६० रुपयांचा. म्हणजे ४६० रुपयांखाली ती टोपी विकू नये. इतक्या किमतीला कोणी घेत नसेल तर ती भेट द्यावी, पण बाजार पाडू नये. कोयता-विळ्याचेही तसेच. धार लावून घ्यायला शेजारी आपल्याकडे येऊ लागले तर त्यांना पेठेतल्या लोहाराकडे पाठवावे.

शासनाच्या योजनांबाबतही हेच धोरण ठेवावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना लोहार, शिंपी, सुतार, चर्मकार अशा १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. ज्याचे पोट या कामावर आहे त्याने ती जरूर घ्यावी, आणि अर्ज भरता येत नसेल तर निवृत्त व्यापाऱ्याने त्याला भरून द्यावा. छंदासाठी मात्र तिच्यावर हक्क सांगू नये.

एकट्याने नव्हे, मिळून

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांना तेथे 'मेन्स शेड' म्हणतात. शेडमध्ये लाकूडकाम, लोखंडकाम, दुरुस्ती चालते. अवजारे सर्वांची मिळून असतात. २००७ साली त्यांची देशव्यापी संघटना झाली आणि नंतर आयर्लंड, इंग्लंडमध्येही ही कल्पना पसरली. त्या लोकांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. समोरासमोर बसवून 'तुझे दुःख सांग' म्हटले तर पुरुष बोलत नाही. शेजारी बसून काम करता करता तो आपोआप बोलतो.

आपल्याकडे यासाठी नवी इमारत नको. मोहल्ल्यातील एखादी रिकामी खोली, गोदामाचा कोपरा किंवा वाचनालयाची पडवी चालेल. असर ते मगरिब एवढा वेळ, चार-पाच वडीलधारी माणसे, एक पेटी अवजारे. जो शिंपी होता त्याने काज-बटण शिकवावे, जो सुतार होता त्याने रंधा धरायला शिकवावे. शाळा सुटल्यावर मुले येऊन बसतील. आपल्या समाजातील कितीतरी हुन्नर असे आहेत की ते जाणणारा शेवटचा माणूस आज सत्तरीच्या पुढे आहे. तो गेला की ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत. निवृत्त कारागीर नुसता बसून राहतो तेव्हा त्या घराचेच नव्हे, साऱ्या मोहल्ल्याचे नुकसान होते.

सुरुवात कशी करावी

पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन दिवस दुकानात जाऊ नये. फोनही करू नये. त्या दोन दिवसांत हातात काम असावे. दुसऱ्या महिन्यात उधारीची वही आणि बँकेचे व्यवहार मुलाला समजावून त्याच्या स्वाधीन करावेत. जुन्या गिऱ्हाइकांना आणि घाऊक व्यापाऱ्यांना स्वतः सांगावे की आता शब्द याचा. तिसऱ्या महिन्यात गल्ल्याची किल्ली द्यावी. मुलाने सल्ला विचारला तर मोकळेपणाने द्यावा. विचारला नाही तर सुई चालू ठेवावी.

मुलांनीही एक करावे. अब्बांनी विणलेली पहिली वाकडी टोपी हसण्यावारी नेऊ नये. ती डोक्यावर घालून जुम्म्याला जावे.